गेज शेवटी : जळगावातल्या एका कॉलनीतले एसी, उन्हाळा २०२४

२ एप्रिल

काम ठरलं. कॉलनी जुनी आहे. अर्धी बैठी घरं, अर्धी नंतर उभी राहिलेली तीन मजली इमारत. सगळ्यांचे एसी एकाच ठरावात घेतले. आत्ता धुणं-तपासणं, आणि पुढे पाऊस पडेपर्यंत येतील त्या तक्रारी. यंत्रं सगळ्या पिढ्यांची आहेत. खिडकीतले दोन-तीन अजून आर-२२ गॅसवर चालतात, मधल्या काळातले स्प्लिट आर-४१०ए वर, आणि अलीकडचे बहुतेक इन्व्हर्टर (कॉम्प्रेसरचा वेग कमी-जास्त करणारे) आर-३२ वर.

हाताखाली आयटीआयच्या रेफ्रिजरेशन ट्रेडची दोन पोरं आहेत, एक चोपड्याचा, एक धरणगावचा. दोघांना सांगून ठेवलं की गेज, म्हणजे गॅसचं प्रेशर दाखवणारं मीटर, पिशवीच्या तळाशी राहील. आधी हवा बघायची, मग लाइट, मग पाणी. हे तिन्ही झाल्यावर गेज. चोपड्याच्या पोराला पटलं नाही. त्याने आजवर पाहिलेला प्रत्येक मिस्त्री घरात शिरला की पहिलं गेज लावतो.

त्याला वहीवर आकृती काढून दाखवली. गॅस बंद नळीत गोल फिरतो, गाडीतल्या पेट्रोलसारखा जळून संपत नाही. कुठे गळाला तरच कमी होतो. दीड टनाच्या आर-३२ मशीनमध्ये गॅस साधारण किलोच्या आतच असतो, त्यामुळे गेज लावताना-काढताना थोडा थोडा सुटला तरी फरक पडतो. शिवाय गेज जिथे लावतात त्या सर्व्हिस व्हॉल्व्हची पिन दरवेळी दाबली जाते, ती पुढे गळायला लागते ते वेगळंच.

५ एप्रिल

बैठ्या घरांपासून सुरुवात. पहिल्याच आउटडोअरच्या (एसीचा बाहेरचा डबा) मागच्या बाजूला कापसाचं अस्तर. हाताने सोललं तर गोधडीतल्या थरासारखं सलग निघालं. धरणगावचा पोरगा हसला, त्याच्या घराशेजारीच जिनिंग आहे. दिवाळीपासून फेब्रुवारी-मार्चपर्यंत जिनिंगची रुई हवेत असते, मागोमाग गहू-हरभऱ्याच्या मळणीचा भुसा, आणि एप्रिल लागला की धूळ. रुई आधी आउटडोअरच्या कॉइलवरच्या पातळ पत्र्यांत अडकते, धूळ मग तिच्यावर बसते. नुसती धूळ फुंकरीने जाते, रुईवरची जात नाही.

धुण्याआधी मीटर लावला. कॉम्प्रेसर ९.२ अँपिअर घेत होता, धुऊन वाळवल्यावर ७.६. आतल्या जाळीतून २३ अंशांची हवा येत होती, ती १७ वर आली. गॅसला हात लावला नाही. घरमालकाने मागच्या उन्हाळ्यात याच मशीनमध्ये गॅस भरून घेतला होता.

धुण्याबद्दल पोरांसाठी: आधी एमसीबी (एसीच्या लाइटचं मेन बटण) पाडायचा. पीसीबीवर (आतलं सर्किटचं कार्ड) प्लास्टिक बांधायचं. हवा ज्या बाजूने आत जाते त्याच्या उलट, म्हणजे आतून बाहेर पाणी मारायचं, नाहीतर कचरा आणखी खोल जातो. जेट पंप पत्र्यांना तिरका धरला की पत्रे वाकतात आणि हवेची वाट कायमची बंद होते. जेटचं प्रेशर निम्म्यावर ठेवायचं. वेळ लागला तर लागू दे.

९ एप्रिल

पाडवा. धुण्याची कामं बंद, पण एका घरी मुहूर्तावर नवा एसी लावायचा होता. आउटडोअरसाठी त्यांनी पश्चिमेची भिंत आखून ठेवलेली, कारण तिथून पाइप कमी लागतो. मी उत्तरेच्या भिंतीचा आग्रह धरला. दीडेक मीटर तांब्याचा पाइप वाढला, त्यावरून घरात जरा चर्चा झाली. पश्चिमेच्या भिंतीवर दुपारी तीन ते सहा इथलं ऊन कसं असतं ते त्या घरच्या आजींना माहीत होतं, त्यांनीच निकाल दिला.

व्हॅक्यूम पंप लावला तेव्हा घरमालक विचारायला आले, "दादा, हे कशाला? मागच्याने तर नट ढिला करून फुस्स करून हवा काढली होती." बहुतेक ठिकाणी तसंच करतात. मशीनमधलाच गॅस सोडून पाइपमधली हवा ढकलायची, दोन मिनिटांत मोकळे. हवा जाते, पण ओल राहते, आणि ओल आतल्या तेलाशी मिळून आम्ल तयार करते. त्याचा परिणाम पहिल्या उन्हाळ्यात दिसत नाही. कॉम्प्रेसर तीन-चार वर्षांनी जातो, तेव्हा कोणाला पाडव्याचं फुस्स आठवत नाही. शिवाय आर-३२ थोडा ज्वलनशील गॅस आहे, बंद खोलीत किंवा देवघरातल्या दिव्याजवळ तो असा सोडायचा नसतो.

पंप चालू असताना पुरणपोळी मिळाली.

१७ एप्रिल

अमळनेरकडचे एक नाना, वरच्या मजल्यावर राहतात. दार उघडताच: "भाऊ, गॅस सरी गया व्हई, भरी दे." म्हणजे गॅस संपला असेल, भरून दे. फिल्टर स्वच्छ, त्यांच्या सूनबाई दर पंधरवड्याला धुतात. आउटडोअर बघायला गॅलरीत गेलो. चोरीच्या भीतीने लोखंडी पिंजरा केलेला, वर उन्हाला आडोसा म्हणून पत्रा, आणि पुढच्या बाजूला पावसाच्या झडीसाठी अर्ध्यापर्यंत आणखी एक पत्रा. पंख्याची गरम हवा त्या पुढच्या पत्र्यावर आपटून फिरून मागच्या बाजूला येते आणि मशीन तीच पुन्हा ओढतं.

दोन थर्मामीटर लावले. गॅलरीच्या कठड्याबाहेर सावलीत ४१. मशीनच्या मागे, जिथून ते हवा ओढतं तिथे ५२. नानांना दोन्ही हातात धरून बघू दिले. एसी खोलीतली उष्णता उचलून बाहेर टाकतो, एवढंच त्याचं काम. टाकायची जागाच ५२ अंशांची असेल तर टाकणार कशी? आत प्रेशर चढतं, अँपिअर चढतात, आणि ओव्हरलोड (करंट फार चढला की तोडणारं छोटं स्विच) मशीन बंद करतो.

पुढचा पत्रा काढला, वरचा राहू दिला. वरून सावली चांगलीच, समोरून अडथळा नको. मागे भिंतीपासून वीतभर आणि समोर निदान दीड-दोन हात मोकळी जागा हवी. संध्याकाळी नानांचा फोन, गारवा येतो आहे म्हणाले, पण "गॅस थोडा तरी भरता तर बरं होतं" हे शेवटी आलंच.

१९ एप्रिल

खालच्या मजल्यावर वहिनींची तक्रार: पाइपवर बर्फ जमतो, तरी खोली तापलेलीच. बर्फ दिसला की लोकांना वाटतं मशीन जास्तच थंड करतंय. आतल्या गार कॉइलवरून पुरेशी हवा गेली नाही की कॉइल शून्याखाली जाते आणि ओल तिथेच गोठते. गॅस कमी असला तरीही बर्फ येतो, म्हणून मिस्त्री लगेच सिलिंडर काढतात.

इथे फिल्टर ठीक होता, पण ब्लोअर, म्हणजे आतला हवा फेकणारा पंखा बघा. हॉल आणि स्वयंपाकघर एकच, मधे भिंत नाही. काळ्या मसाल्याच्या फोडणीचं तेल हवेतून ब्लोअरच्या पात्यांवर बसलेलं, त्यावर धूळ, पात्यांच्या खाचा जवळजवळ भरून सपाट झालेल्या. असा ब्लोअर फिरतो पण हवा ढकलत नाही. काढून कोमट पाण्यात सोडा टाकून धुतला. पोरांनी नाकं मुरडली, तासभर घासत बसले. परत बसवल्यावर बर्फ नाही. रात्री १६ वर लावून पंखा कमी ठेवायची सवय होती, ती सोडायला सांगितलं. १६ चा आकडा लावल्याने खोली लवकर गार होत नाही, फक्त मशीन थांबत नाही.

२५ एप्रिल

आज कपॅसिटरचा, म्हणजे कॉम्प्रेसरला सुरू होताना जोर देणाऱ्या भागाचा दिवस. एकाच ओळीतल्या घरांत सारखीच तक्रार, "चालू होतो, घुरघुर करतो, बंद पडतो, मग तासाभराने आपोआप चालू." डब्यांवर ४५ मायक्रोफॅरॅड छापलेलं, मीटरवर एक ३६, दुसरा त्याहून खाली. एकाचं तर डोकं फुगलेलं. पाच-सहा टक्के कमी असला तर चालतो, एवढा नाही. उन्हात तापलेल्या पत्र्याच्या पेटीत हे भाग आटत जातात आणि इथला उन्हाळा त्यांना दरवर्षी थोडा थोडा खातो. कॉम्प्रेसरला जोर मिळत नाही, तो जागेवरच अडतो, करंट अनेकपट ओढतो आणि ओव्हरलोड त्याला तोडतो. ओव्हरलोड निवायला वेळ लागतो, म्हणून तो तास.

भाग स्वस्त, काम दहा मिनिटांचं. पण काढण्याआधी डिस्चार्ज केल्याशिवाय हात लावायचा नाही, लाइट बंद असली तरी तो झटका देतो. यांपैकी एका घरी आधीच्या कोणीतरी "कॉम्प्रेसर गेला" सांगून नव्याचा भाव काढून दिला होता. तो कागद त्यांनी मला दाखवला. मी काही बोललो नाही, जुना कपॅसिटर त्यांच्या हातात दिला.

३ मे

रात्री साडेनऊ ते बारा कॉलनीत बसलो, कारण दुपारी सगळं ठीक सापडतं आणि तक्रार रात्रीची. जेवणं झाली की प्रत्येक घरातला एसी एकदम लागतो. साडेदहाला प्लगवर १८१ व्होल्ट, डीपीपासून शेवटच्या घरी १७३. दुपारी हाच आकडा २२८ होता. व्होल्टेज पडलं की साधा कॉम्प्रेसर तेवढंच काम करायला जास्त करंट ओढतो, तापतो. सुरू होण्याच्या क्षणी तर त्याला जोरच मिळत नाही.

इन्व्हर्टर मशीनांना याचा त्रास कमी, ती हळूहळू वेग घेतात आणि बऱ्याच कमी व्होल्टेजलाही चालतात. साध्या दीड टनाला ४ केव्हीएचा स्टॅबिलायझर हवा. इथे काहींनी टीव्हीचा लावलेला आहे! तो काढायला लावला.

एका घरी प्लग काळा पडून वितळायला आलेला. पिन ढिली, मागे दीड चौरस मिलिमीटरची वायर. दीड टनाला ४ ची वायर, २० अँपिअरचा स्वतंत्र एमसीबी, आणि जमलं तर प्लग नकोच. तेवढं काम त्याच रात्री केलं, बाकीचं थांबू शकतं.

आणखी एक. अर्थिंग तपासताना न्यूट्रल आणि अर्थमध्ये ९-१० व्होल्ट दिसले. खड्डे कोरडे ठणठणीत आहेत. कोरड्या मातीतून करंट जात नाही. ज्यांच्या घरी अर्थिंगचा खड्डा सापडला त्यांना आठवड्यातून दोनदा बादलीभर पाणी टाकायला सांगितलं. इमारतीचा खड्डा पार्किंगच्या फरश्यांखाली गेलाय, तो शोधावा लागेल.

१० मे

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. लेकी माहेरी आलेल्या, प्रत्येक घर भरलेलं. झोके बांधलेले, आमरस, खापरावरच्या पोळ्या. दुपारपासून फोन सुरू, "हॉलमधला एसी काल चालत होता, आज काहीच नाही."

गेलो तर हॉलमध्ये बारा-चौदा माणसं, पोरं आत-बाहेर, दार उघडंच, मागे खापर तापलेला. बसलेला माणूस साधारण १०० वॉट उष्णता देतो. दहा माणसांचं एक किलोवॅट. दीड टन म्हणजे कागदावर सव्वापाच किलोवॅट. म्हणजे पाचवा हिस्सा नुसता पाहुण्यांनी घेतला, वर उघडं दार. मशीन तपासलं, ठीक आहे. पंखा जोरात, पडदे ओढा, दाराला कोणीतरी बसा, एवढंच सांगितलं. "मग लेकींना परत धाडू का?" असं एका मावशीने विचारलं. पोरं पोळ्या खाऊन आली, मीही.

१३ मे

मतदान. दुकान बंद, वही नीट लिहून काढली.

२३ मे

गेल्या चार दिवसांत कॉलनीत माझा थर्मामीटर सावलीत दुपारी ४४ च्या खाली आला नाही. आता ज्या तक्रारी येतात त्यांत बिघाड थोडे, बाकी सगळं ऊन. हे लोकांना समजावणं सगळ्यात अवघड आहे, म्हणून इथे सविस्तर लिहून ठेवतो, पोरांनाही पुढे लागेल.

मशीनवर लिहिलेला दीड टन हा आकडा बाहेर ३५ अंश आणि आत २७ अंश धरून मोजलेला असतो. आपल्या भारतीय मानकाची चाचणी तशीच आहे. मुंबईला वर्षातले बरेच दिवस ३५ च्या आतबाहेर जातात, म्हणून तिथे दीड टन हा दीड टनच असतो. जळगाव-भुसावळला मे महिन्यात तो कमी होतो. ३५ चे ४५ झाले की ढोबळमानाने दहावा हिस्सा तरी गेला, कंडेन्सर (बाहेरची कॉइल) मळका किंवा कोंडलेला असेल तर त्याहून जास्त, आणि वीज मात्र वाढते. त्याच वेळी भिंती-छतातून आत येणारी उष्णताही वाढलेली असते. म्हणजे जेव्हा सगळ्यात जास्त लागतो तेव्हाच तो सगळ्यात कमी देतो. हे कोणत्याही कंपनीच्या मशीनला लागू आहे. दुकानदार खोलीची लांबी-रुंदी विचारून टन सांगतो, वर स्लॅब उघडा आहे का आणि खिडकी कुठल्या दिशेला आहे हे विचारत नाही. इथे मोठ्या टनापेक्षा आधी ते दोन प्रश्न विचारावेत असं माझं मत आहे.

वरच्या मजल्यावर खरा गुन्हेगार स्लॅब. दिवसभर प्यालेलं ऊन तो रात्री दोनपर्यंत खाली सोडतो. रात्री दहाला एसी लावून अर्ध्या तासात गारवा मागणाऱ्यांना मी सांगतो की मशीन आधी भिंती, गाद्या, कपाटं गार करतंय, तुमची पाळी नंतर. गच्चीवर पांढरा चुना फिरवा, संध्याकाळी गच्चीवर पाणी मारा, खोलीचे पडदे दुपारीच ओढा, एसी २६ वर आणि सोबत छताचा पंखा. नवीन मशीन २०२० पासून चालू करताच २४ दाखवतात, लोक हात लावून तो १८ करतात.

काहींनी आउटडोअरवर पाइपने पाणी सोडायला सुरुवात केली आहे. त्याने त्या क्षणी फरक पडतो, खोटं नाही. पण हे बोअरचं पाणी आहे, क्षाराने जड. पाणी उडून जातं, क्षार पत्र्यांवर राहतो, आणि दोन हंगामांत पांढरा खडक. तो जेटने निघत नाही. सावलीला हिरवी जाळी वरून बांधा, समोरून नको, पाणी नको.

आणि कूलर. इथली हवा कोरडी, म्हणून आपला वाळ्याचा कूलर मेपर्यंत झकास चालतो, तो स्वतंत्रच चालवावा. एका घरात एसी आणि कूलर एकाच खोलीत एकदम चालू होते. कूलर बाहेरची गरम हवा आणि ओल आत ढकलतो, एसी तीच ओल गाळत बसतो. दोघांपैकी एक. खिडकी उघडी ठेवून कूलर, खिडकी लावून एसी.

२८ मे

गेज निघालं. कोपऱ्यातल्या घरचा आर-३२ इन्व्हर्टर. हवा ठीक, लाइट ठीक, कॉइल स्वच्छ, तरी जाळीवर २५ च्या खाली येईना. अँपिअर नेहमीपेक्षा कमी, म्हणजे कॉम्प्रेसरला ओढायला माल नाही. इनडोअरमागे पाइप जोडणाऱ्या फ्लेअर नटवर तेलाचा डाग, त्यावर धूळ चिकटून काळी वर्तुळं. तेल गॅससोबतच फिरतं, जिथून गॅस जातो तिथे ते दिसतं. चोपड्याच्या पोराने डाग आधी पाहिला, हे नोंदवायला हवं.

उरलेला गॅस रिकाम्या सिलिंडरमध्ये काढून घेतला. फ्लेअर, म्हणजे पाइपचं पसरवलेलं तोंड, नव्याने काढला, जुन्याला चीर होती, बहुधा लावतानाच जास्त आवळलेला. नायट्रोजन ३०० पीएसआयला भरून साबणाचा फेस लावला, अर्धा तास काटा हलला नाही. पोरांना इथे एक गोष्ट पक्की सांगितली: प्रेशर टेस्टला ऑक्सिजन कधीच नाही. तेल आणि ऑक्सिजन एकत्र आले की स्फोट होतो. वेल्डिंगचं सिलिंडर हाताशी असतं म्हणून कोणी वापरतो, ते बघून शिकू नका. मग व्हॅक्यूम, आणि गॅस वजनकाट्यावर, मशीनच्या पाटीवर लिहिलेल्या वजनाएवढा. हाताला पाइप गार लागला की "झालं" म्हणायची पद्धत आर-३२ ला चालत नाही.

६ जून

दोन आउटडोअर अचानक मुकी. एकात पीसीबीवर पाल, जळून चिकटलेली. दुसऱ्यात मुंग्या. उबेला येतात. वायर जिथून आत जाते ती भोकं सिलिकॉनने बुजवली. पीसीबी एक दुरुस्त होईल, दुसऱ्याचा मागवावा लागेल.

१४ जून

वळवाचा पाऊस दोनदा झाला, हवा जड. आणि तक्रार एका रात्रीत बदलली. आता कोणी गारवा मागत नाही, सगळे म्हणतात एसीतून घरात पाणी पडतं.

कारण एप्रिल-मेमध्येच घडलेलं असतं. तेव्हाच्या कोरड्या हवेत गाळायला ओल नसते, ड्रेनमधून दिवसाला जेमतेम थेंब. पाइपातला शेवाळी चिकटा वाळून तिथेच घट्ट होतो. जूनला ओल आली की रोज बादल्यांनी पाणी निघतं आणि त्या अरुंद वाटेला ते झेपत नाही. ट्रे भरतो, भिंतीवरून ओघळ, पलंगावर थेंब. फुंकनळी मारून आणि कोमट पाणी सोडून बहुतेक मोकळे झाले. तीन घरांत पाइपचा उतारच उलटा आहे, तिथे छन्नी-हातोडा लागेल.

एका ताईंनी पाण्याचा सदुपयोग म्हणून ड्रेनचं टोक तुळशीशेजारच्या बादलीत सोडलेलं, टोक पाण्यात बुडलेलं. बुडलं की हवा कोंडते आणि पाणी मागे फिरतं. टोक बादलीच्या काठाला बांधून दिलं, बादली तशीच.

बाकी राहिलं ते: इमारतीचा अर्थिंग खड्डा, मागवलेला पीसीबी, उलट्या उताराचे पाइप. पुढच्या वर्षी धुण्याचं काम एप्रिलमध्ये नको, होळीनंतर, मळणीचा भुसा बसल्यावर लगेच एक फेरी आणि रुईवाल्या घरांना मेच्या सुरुवातीला दुसरी. कॉलनीच्या सेक्रेटरींना दर सांगितला. ते म्हणाले, धुण्याचे एवढे? गॅस धरून का? नाही म्हटलं. विचार करून कळवतो म्हणालेत.